ब्रेक काय सांगतो?



आज आपण गाडीच्या ब्रेकविषयी बोलणार आहोत. तुमच्यापैकी थोडे जण गाडी चालवतात. बाकीचे गाडीत बसतात. म्हणून हा विषय सगळ्यांचा आहे.

गाडी सुरू झाली नाही, तर काय बिघडते? बाजार चुकतो. पाहुणे खोळंबतात. पण गाडी थांबली नाही, तर माणसे जातात. म्हणून आम्ही म्हणतो, गाडी चालते कशी हे मागाहून शिका. गाडी थांबते कशी हे आधी शिका.

गाड्या पुष्कळ प्रकारच्या आहेत. आज आम्ही एकच गाडी घेतो. ती म्हणजे जुनी जीप. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेत लष्करासाठी ही गाडी तयार झाली. युद्ध संपल्यावर महिंद्र कंपनीने मुंबईत तशा जीप जोडायला घेतल्या. तेव्हापासून ती आपल्या खेडोपाडी आली. आजही कुठे मळ्यात, कुठे घाटाखालच्या वाडीत अशी एखादी जुनी जीप दिसते. तिची रचना साधी आहे. तिचे ब्रेक समजले, तर जुन्या ट्रकचे आणि मोटारीचे ब्रेक समजायलाही मदत होते.

तेलाने जोर कसा जातो?

ढोरांच्या डॉक्टरची पिचकारी तुम्ही पाहिली आहे. दोन पिचकाऱ्या घ्या. त्या एका बारीक नळीने जोडा. आत पाणी भरा. एकीचा दट्ट्या दाबला, की दुसरीचा दट्ट्या आपोआप बाहेर येतो. मध्ये दोरी नाही, साखळी नाही. तरी जोर इकडून तिकडे गेला. कारण पाणी दाबाने आवळत नाही. त्याला एका बाजूने ढकलले, की ते दुसऱ्या बाजूला ढकलते.

फ्रान्स देशात ब्लेझ पास्कल नावाचा शास्त्रज्ञ होऊन गेला. त्याचा काळ १६२३ ते १६६२. कोंडलेल्या पाण्यावर दाब दिला, तर तो सगळीकडे सारखा पोचतो, हे त्याने दाखवले. पुढे अडीचशेहून अधिक वर्षांनी, १९२१ च्या सुमारास, अमेरिकेत मोटारींच्या चारही चाकांना या तत्त्वावरचे ब्रेक बसू लागले.

जीपमध्ये काय होते ते पाहू. ड्रायव्हर ब्रेकचे पायडल दाबतो. पायडलाखाली, गाडीच्या तळाशी, मास्टर सिलिंडर असतो. ती पहिली पिचकारी. तिच्यातले तेल लोखंडी नळ्यांतून चाकांकडे जाते. चाके वरखाली होतात, म्हणून शेवटी लवचिक रबरी नळी असते. प्रत्येक चाकात एक लहान सिलिंडर असतो. ती दुसरी पिचकारी. तिला दोन दट्ट्ये असतात. ते दोन शूंना बाहेर ढकलतात. शूवर लायनर असते. ते फिरणाऱ्या ड्रमला आतून घासते. चाक थांबते. पाय काढला, की स्प्रिंग शूंना मागे ओढते.

यात जोर वाढतोही. समजा, लहान दट्ट्यावर १० किलोचा जोर दिला. दुसरा दट्ट्या दुप्पट क्षेत्राचा असेल, तर तिथे २० किलोचा जोर मिळतो. मात्र तो निम्मेच सरकतो. म्हणून लायनर आणि ड्रम यांत फट फार झाली, तर पायडल तळाला जाते आणि शू ड्रमपर्यंत पोचतच नाहीत.

एवढे समजले, की निम्मे काम झाले.

आधी गाडी बांधा

बिघाड पाहण्याआधी गाडी सपाट जागी उभी करा. चाकांच्या पुढे आणि मागे मोठे दगड लावा. नुसत्या हातब्रेकवर विसंबू नका. त्याचे कारण ऐका.

या जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसतो. तो मागच्या चाकांकडे फिरत जाणाऱ्या दांड्यावर असतो. मागचे एक चाक जॅकने उचलले, तर ते चाक उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक सुलटे फिरू शकते. म्हणजे हातब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. गाडीखाली माणूस असेल, तर त्याच्या अंगावर येते. म्हणून दगड आधी, जॅक नंतर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर जाऊच नका. खाली मजबूत ठोकळा घाला.

पायाने नाडी पाहा

वैद्य औषध देण्याआधी नाडी पाहतो. तसेच पाना हातात घेण्याआधी पायडल दाबून पाहा. पायाला पुष्कळ कळते. आपण एकेक तक्रार घेऊ.

पहिली तक्रार : पायडल खाली जाते. पण दोन-तीनदा भराभर दाबले, की वर येते.

वर आल्यावर ते कसे लागते ते पाहा. दगडासारखे टणक लागले, तर तेल बहुधा ठीक आहे. लायनर झिजले आहे, आणि फट वाढली आहे. दरवेळी थोडे-थोडे तेल पुढे जाऊन फट भरून निघते. अशा वेळी ब्रेक सेट करावे लागतात. चाकाच्या आतल्या बाजूच्या पत्र्यावर त्यासाठी दोन बोल्टांची डोकी असतात. चाक उचलायचे. बोल्ट फिरवत चाक अडेपर्यंत न्यायचे. मग चाक मोकळे फिरेल इतपत मागे घ्यायचे. लायनर फारच झिजले असेल, तर सेट करून भागत नाही. ते बदलावेच लागते.

दुसरी तक्रार : पायडल वर येते, पण स्पंजासारखे लागते. दाबले की दबते, सोडले की उसळते.

हे हवेचे लक्षण आहे. तेल आवळत नाही, पण हवा आवळते. पाण्याने काठोकाठ भरलेली बाटली बूच लावून दाबून पाहा. मग अर्धी भरलेली दाबून पाहा. फरक लगेच कळेल. तेलात हवा शिरली, की पायाचा जोर हवा आवळण्यातच संपतो. चाकापर्यंत पोचत नाही. ही हवा काढावी लागते. ती कशी काढायची, ते पुढे सांगतो. पण हवा आली कुठून, हेही शोधा. टाकीतले तेल संपले असेल, किंवा कुठे जोड सैल असेल. ते न शोधता नुसती हवा काढली, तर आठ दिवसांनी पुन्हा तेच.

तिसरी तक्रार : पायडल दाबून धरले, की हळूहळू खाली बसते.

पायडल जोराने दाबा आणि एक मिनिट तसेच धरा. ते एका जागी राहिले पाहिजे. बसत गेले, तर दोनपैकी एक गोष्ट आहे. एक तर तेल कुठून तरी बाहेर गळते आहे. नाही तर मास्टर सिलिंडरमधले रबर झिजले आहे, आणि तेल आतल्या आत मागे जाते आहे. टाकी पाहा. तेल कमी होत असेल, तर बाहेर गळती आहे. तेल तेवढेच आहे आणि बाहेर सगळे कोरडे आहे, तर मास्टर सिलिंडरवर संशय घ्या.

ही तक्रार हलकी समजू नका. या जुन्या जीपला चारही चाकांसाठी तेलाची एकच वाट असते. एके ठिकाणी मोठी गळती झाली, तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. पायडल बसते आहे असे दिसले, की गाडी जागची हलवू नका.

गळती शोधायची कशी?

पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्याला पोचत नसेल, तर आपण काय करतो? पाटाच्या कडेने चालत जातो. कुठे फुटले ते पाहतो. तसेच इथे करा. मास्टर सिलिंडरपासून सुरुवात करा. त्याचे रबरी बूट ओले आहे का? मग लोखंडी नळीवरून बोट फिरवत जा. नळी कुठे पत्र्याला घासते का? गंजली आहे का? जोड ओला आहे का? मग रबरी नळी पाहा. तिला भेगा आहेत का? दुसऱ्या माणसाने पायडल दाबल्यावर ती फुगते का? शेवटी प्रत्येक चाकाच्या आतली बाजू पाहा. टायरवर ओला ओघळ आहे का?

चाकापाशी ओल दिसली, तरी ते ब्रेकचेच तेल असेल असे नाही. धुरीचे तेलही तिथे गळते. दोन्ही ओळखण्याची सोपी रीत आहे. एक थेंब पाण्यात टाका. ब्रेकचे नेहमीचे तेल पाण्यात मिसळून जाते. धुरीचे तेल घट्ट असते. ते पाण्यावर तरंगते.

पुष्कळ ड्रायव्हर म्हणतात, "जुनी गाडी आहे. थोडे तेल खाणारच." हे खरे नाही. ब्रेकचे तेल पेट्रोलसारखे जळत नाही. ते कोंडलेले असते. लायनर झिजते, तसे टाकीतले तेल किंचित उतरते, एवढेच. दर आठवड्याला तेल घालावे लागत असेल, तर ते कुठे तरी जाते आहे. बाटली विकत घेण्याऐवजी वाट शोधा.

चौथी तक्रार : ब्रेक दाबला, की गाडी एका बाजूला ओढते.

गाडी डावीकडे ओढते, म्हणून डाव्या चाकात दोष आहे, असे समजू नका. बहुधा डावे चाक आपले काम करते आहे आणि उजवे करत नाही. दोन बैलांतला एक थांबला आणि दुसरा चालत राहिला, तर गाडी वळणारच. तेव्हा आधी उजवे चाक पाहा. त्याच्या सिलिंडरचा दट्ट्या गंजून अडकला आहे का? रबरी नळी आतून बुजली आहे का? लायनरवर तेल किंवा ग्रीस आहे का? तेल थोडेच लागले असेल, तर कधीकधी उलटही होते. ते चाक जास्तच धरते. म्हणून दोन्ही ड्रम उघडून पाहावे. आणि सगळ्यात आधी टायरची हवा मोजा. एका बाजूला हवा कमी असली, तरी गाडी ओढते. त्याला खर्च काही नाही.

पाचवी तक्रार : पायडल टणक आहे, पण गाडी थांबत नाही.

इथे तेलाचा जोर चाकापर्यंत पोचतो, पण लायनर धरत नाही. ते जळून गुळगुळीत झाले असेल, तेलकट झाले असेल, नाही तर ओले असेल. ओढा ओलांडल्यावर असे होते. ड्रममध्ये पाणी शिरते. अशा वेळी थोडे अंतर हळू जा आणि पायडल हलके दाबत राहा. घासून ऊब येते, पाणी वाळते. ब्रेक धरतो अशी खात्री झाल्यावरच वेग घ्या. लायनरवर तेल मुरले असेल, तर धुऊन भागत नाही. ते बदला.

सहावी तक्रार : पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही. ड्रम तापतो.

चार-पाच मैल जाऊन या. प्रत्येक ड्रमजवळ हात न्या, पण लगेच टेकवू नका, भाजेल. चारही ड्रम तापले असतील, तर दोष बहुधा मुळाशी आहे. पायडलाला वरच्या वर थोडी मोकळी चाल हवी, सुमारे अर्धा इंच. ती नसेल, तर मास्टर सिलिंडरमधले तेल परत यायचे बारीक भोक उघडत नाही. तेल अडकून राहते. ते भोक घाणीने बुजले, तरी तसेच होते.

एकच ड्रम तापला असेल, तर दोष त्या चाकाकडे आहे. गाडीला दगड लावा. त्या चाकाची हवा काढायची निपल किंचित उघडा. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे झाले, तर तेल कोंडले होते. बहुतेक वेळा रबरी नळी आतून सुजलेली असते. बाहेरून ती चांगली दिसते. ती तेलाला पुढे जाऊ देते, परत येऊ देत नाही. निपल उघडूनही चाक मोकळे झाले नाही, तर स्प्रिंग, अडकलेला दट्ट्या किंवा फार आवळलेले शू पाहा.

हवा कशी काढायची?

याला दोन माणसे लागतात. एक पायडलापाशी, एक चाकापाशी. मास्टर सिलिंडरचे झाकण ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यात असते. तिथे माती फार असते. आधी फडक्याने पुसा, मग झाकण उघडा. मातीचा एक कणही आत जाऊ देऊ नका.

टाकी भरा. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. निपलला रबराची बारीक नळी लावा. तिचे दुसरे टोक काचेच्या बाटलीत, तेलात बुडवून ठेवा. पायडलावरचा माणूस हळू दाबतो आणि "दाबले" म्हणतो. चाकाजवळचा माणूस निपल उघडतो. बुडबुडे येतात. पायडल तळाला जाण्याआधी तो निपल बंद करतो आणि "सोडा" म्हणतो. निपल उघडी असताना पायडल सोडायचे नाही. नाही तर हवा परत आत जाते. बुडबुडे थांबेपर्यंत असे करा. मग पुढचे चाक घ्या. मधून मधून टाकी पाहत राहा. ती रिकामी झाली, तर सगळे काम पुन्हा करावे लागेल. बाटलीत आलेले तेल परत टाकीत घालू नका.

तेल कोणते?

ब्रेकमध्ये ब्रेकचेच तेल घाला. इंजिनचे तेल, गोडे तेल, घासलेट यांतले काही घालू नका. इंजिनच्या तेलाने आतले रबर फुगते. मग ब्रेक अडकतात, आणि पुढे निकामी होतात. रबराचे भाग घासलेटने किंवा पेट्रोलने धुऊ नका. ब्रेकच्या स्वच्छ तेलानेच धुवा.

हे तेल हवेतली ओल शोषून घेते. उघडी राहिलेली बाटली म्हणून वापरू नये. डॉट ३ जातीचे ताजे तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरले, की ते १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. घाटात ब्रेक तापले, की असे तेल उकळते. त्याची वाफ होते. वाफ हवेसारखीच आवळते. पायडल एकदम तळाला जाते. गाडी गार झाल्यावर पाहिले, तर ब्रेक ठीक लागतो आणि माणूस चक्रावतो. म्हणून दोन वर्षांतून एकदा सगळे तेल बदलावे.

हे तेल विषारी आहे. पोरांच्या हाताला लागेल असे ठेवू नका. गाडीच्या रंगावर सांडले, तर रंग जातो. लगेच पाण्याने धुवा. आणखी एक. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ छातीत गेली, तर पुढे मोठे आजार होतात. ड्रम उघडल्यावर धूळ फुंकू नका. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

घाटात काय करावे?

काही जण पेट्रोल-डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. चार पैशांसाठी दहा माणसांचे जीव ब्रेकच्या एका रबरावर टांगतात. असे करू नका. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. मग इंजिनच गाडीला धरून ठेवते. ब्रेकला विसावा मिळतो.

उतारावर पायडल तळाला गेलेच, तर घाबरू नका. भराभर दाबत राहा. थोडा जोर मिळू शकतो. एकेक करून खालचा गिअर घ्या. हातब्रेक हळूहळू ओढा. या जीपच्या हातब्रेकला चाकांचे तेल लागत नाही, म्हणून तो उपयोगी पडतो. तेवढ्यानेही थांबली नाही, तर दरीची बाजू सोडा आणि डोंगराच्या बाजूला गाडी घासत न्या. पत्रा चेपला तर ठोकून घेता येतो.

बसणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका

आतापर्यंत चालवणाऱ्यांसाठी बोललो. आता बसणाऱ्यांसाठी दोन शब्द.

गाडीत माणसे कोंबली, की तेवढे ओझे त्याच ब्रेकला धरावे लागते. ब्रेक तेवढाच, ओझे दुप्पट. वर टपावर आणि मागे फळीवर माणसे लटकली, तर चांगला ब्रेकही पुरा पडत नाही. जागा नसेल, तर पुढच्या गाडीने जा.

आणि विचारायला लाजू नका. "दादा, ब्रेक पाहिला का?" एवढेच विचारा. चांगल्या ड्रायव्हरला राग येत नाही. राग आला, तरी येऊ द्या. लेकरू तुमचे त्या गाडीत बसणार आहे. पायडल दोन-तीनदा दाबल्याशिवाय धरत नाही, हे बाजूला बसून तुम्हालाही दिसते. तसे दिसले, तर खाली उतरा. आणि गावातल्या चार जणांना सांगा.

ड्रायव्हर बांधवांना आमचे सांगणे एवढेच. रोज सकाळी गाडी काढण्याआधी तीन गोष्टी करा.

१. गाडीखाली आणि चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का, ते पाहा.

२. पायडल जोराने दाबून एक मिनिट धरा. ते बसता कामा नये.

३. गाडी दहा पावले चालवा आणि ब्रेक लावून पाहा. ती सरळ थांबली पाहिजे.

याला पाच मिनिटे पुरतात. पैसा लागत नाही. तिन्हींपैकी एकीतही खोट दिसली, तर त्या दिवशी भाडे घेऊ नका. मिस्त्रीकडे जा आणि पायाला काय लागले, ते त्याला नीट सांगा. "ब्रेक बिघडला" एवढेच म्हटले, तर तो चार भाग बदलील. "पायडल दाबून धरले की बसते, टाकीतले तेल मात्र कमी होत नाही," असे सांगितले, तर तो नेमका एक भाग पाहील. तुमचा वेळ वाचेल, पैसा वाचेल, आणि गाडीतली माणसे सुखरूप घरी पोचतील.